पारी मध्ये जाड, कडेला पातळ

सोमवार, रात्री दहा

आज पुन्हा तिथेच जेवले. निघायला उशीर झाला, पाऊस भुरभुरत होता आणि पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. आत सहा टेबलं आहेत, त्यातली चार रिकामी. ऐन जेवणाच्या वेळी! मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत नूडल्सच्या दुकानाबाहेर तेव्हाच माणसं छत्र्या उघडून रांगेत उभी होती. दर वेळी हे बघते आणि दर वेळी जीव हळहळतो. पुढच्या शुक्रवारी मी सहा महिन्यांसाठी बाहेर जातेय. त्याआधी या जागेबद्दल नीट लिहून ठेवायचंच, असं आज येता येता ठरवलं.

बाहेरून बघून आत शिरावंसं वाटेल असं तिथे काही नाही, हे खरं आहे. पाटीवर चार चिनी अक्षरं, त्यातल्या एकामागचा दिवा कधीचा गेलेला. काचेवर सतत वाफ धरलेली, त्यामुळे आतलं काही दिसत नाही. मेन्यूकार्डावरचे फोटो उन्हाने निळे पडलेत. टेबलावर काळ्या व्हिनेगरची बाटली, तिखट तेलाची बरणी आणि बशीत लसणाच्या पाकळ्या. पण दार ढकललं की पहिला वास येतो तो उकळत्या पिठाळ पाण्याचा, आणि माझा निम्मा शीण तिथेच, दारातच उतरतो.

चार वर्षांपूर्वी या वस्तीत राहायला आले, ती पहिली संध्याकाळ मला लख्ख आठवते. खोलीची किल्ली मिळायला अजून तासभर होता. दोन बॅगा ओढत मी दिसेल त्या दारात शिरले, ते हेच. डंपलिंगच्या फोटोवर बोट ठेवलं. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, बॅगांकडे पाहिलं, मान हलवली, काहीतरी बोलल्या आणि आत गेल्या. आल्या त्या नूडल्सचा वाडगा घेऊन. भाषेचा घोटाळा झाला असेल, असं मी धरून चालले. परत पाठवायचं त्राणही नव्हतं. पहिला घास घेतला आणि मग मान वर केली ती वाडगा रिकामा झाल्यावरच.

तिथे काम करणारा पोरगा त्यांना ‘आयी’ म्हणतो. पहिल्यांदा ही हाक ऐकली तेव्हा मी चमकून मागे वळले होते, इतकी ती आपल्या ‘आई’सारखी. पण तो त्यांचा मुलगा नाही. वयाने मोठ्या बाईला चिनी भाषेत असंच हाक मारतात, आणि त्यातल्या ‘यी’चा मूळ अर्थ आईची बहीण. म्हणजे मावशीच की! तेव्हापासून माझ्याही तोंडी आयीच बसलंय.

बुधवार

आज साडेपाचलाच गेले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. आयी काचेमागे पाऱ्या लाटत बसल्या होत्या. मी नेहमीसारखी काचेला नाक लावून उभी राहिले, तर त्यांनी पिठाळ हाताने आत ये अशी खूण केली. चार वर्षांत पहिल्यांदा! तासभर मी त्यांच्या शेजारी उभी होते. सगळं लिहून ठेवते, नाहीतर निसटून जाईल.

कणकेचे दोन गोळे होते, दोन्ही ओल्या फडक्याखाली. एक थंड पाण्यात तिंबलेला, दुसरा उकळत्या पाण्यात. पाण्यात उकडायच्या डंपलिंगसाठी थंड पाण्याची कणीक. तिच्यातलं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, शाबूत असतं, पारीला ताण असतो, खळखळत्या पाण्यात ती फुटत नाही. वाफवायच्या आणि तव्यावर खरपूस करायच्या डंपलिंगसाठी मात्र उकळत्या पाण्याची. त्या पाण्याने पिठातला स्टार्च जागच्या जागी फुलून येतो, ग्लुटेनचा जोर उतरतो आणि पारी मऊ पडते, दाताखाली चटकन तुटते. इतकी वर्षं मी दोन्ही प्रकार खातेय. फरक जिभेला कळत होता, त्याचं कारण आज हाताला कळलं. दोन्ही गोळे त्यांनी मला दाबून बघायला दिले. एक बोट मागे ढकलतो, दुसऱ्यात बोटाचा ठसा तसाच राहतो.

मग थंड पाण्याच्या कणकेची लांब वळी केली आणि सुरीने तुकडे पाडायला घेतले. एक तुकडा पाडायचा, वळी पाव फेरा फिरवायची, दुसरा पाडायचा. त्यामुळे लाटी एका बाजूने दबत नाही, गोलसर राहते. लाटी तळव्याने चेपली की लाटणं. हे लाटणं बोटाएवढं जाड आणि जेमतेम वीतभर लांब असतं. उजव्या तळव्याखाली ते पुढेमागे सरकतं आणि डाव्या हाताच्या चिमटीत पारी गोल फिरत राहते. लाटणं कडेकडून आत येतं आणि मध्याशी पोचलं की मागे वळतं, मध्य ओलांडत नाही. त्यामुळे पारी मध्ये जाड राहते आणि कडेला पातळ होते. सारणाचा भार मध्यावर येतो, तिथे जाडी हवी. कडा दुमडून एकावर एक येतात, तिथे पातळपणा हवा. तसं नसेल तर पोट फाटतं, नाहीतर शिवण कच्ची राहते.

डंपलिंग म्हटलं की सगळे आधी विचारतात, आत काय आहे? मीही तेच विचारायचे. आज त्या पोळपाटाशी उभं राहून मला वाटलं, या बाईंचं सगळं कसब बाहेरच्या त्या पातळ चकतीत आहे, आणि तिच्याबद्दल त्यांना कुणी कधी एक शब्द बोललं नसेल.

मला एक लाटून बघायला दिली. माझी पारी नेमकी मध्येच पातळ झाली. आयींनी ती परत मळून माझ्या हातात दिली, माझ्या मनगटावर आपला हात ठेवला आणि लाटणं मध्यावर आलं की थांबवला. असं तीनदा केलं. चौथ्या वेळी हात आपला आपण थांबला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त ती पारी उचलून त्यांच्या पाऱ्यांच्या चळतीवर ठेवली. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

सारण डुकराच्या खिम्याचं आणि चायनीज कोबीचं. कोबी बारीक चिरून मीठ लावून ठेवतात, सुटलेलं पाणी घट्ट पिळून काढतात, आणि उलट खिम्यात मात्र चमचा चमचा रस्सा जिरवत जातात, एकाच दिशेने फेटत. कोबीचं पाणी काढायचं आणि मांसाला पाणी पाजायचं, असा हा हिशेब. घास फोडल्यावर जो रस सुटतो तो या जिरवलेल्या रश्शाचा. दुसरं सारण अंड्याचं आणि लसणाचा वास असलेल्या चपट्या हिरव्या पातीचं. माझं आवडतं हेच.

भरणं तर डोळ्याला दिसतच नाही, इतक्या झटक्यात होतं. सारण ठेवलं, पारी दुमडली, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एकदम दाबल्या की झालं. नाजूक मुरडी वगैरे काही नाही. पोट फुगलेलं, ताठ बसलेलं एकेक ज्याओझ (या डंपलिंगचं चिनी नाव) ताटात रांगेने येत जातं. बाजूने बघितलं की जुन्या काळच्या चांदीच्या नाण्यासारखं, होडीच्या आकाराचं. चीनमध्ये त्या आकाराच्या चांदीला युआनबाओ म्हणत, आणि नववर्षाच्या आदल्या रात्री उत्तरेत घरोघर ज्याओझ करतात त्यामागे हाही एक शकुन आहे, येत्या वर्षी घरात पैसा यावा. एखाद्यात खरं नाणंही लपवतात. ज्याच्या घासात येईल तो भाग्यवान.

उकडताना पाण्याला उकळी फुटली की त्यात थोडं थंड पाणी ओततात, पुन्हा उकळी येऊ देतात, पुन्हा ओततात. तीनदा. पारी शिजून फाटायच्या आत सारणापर्यंत शिजावं म्हणून. आयी घड्याळ बघत नाहीत. तिसऱ्या पाण्यानंतर ती वर तरंगतात, पोटं फुगतात, आणि झारा आत जातो.

चीनच्या वायव्येला तुर्फानजवळ अस्ताना इथल्या थडग्यांमध्ये थांग राजवटीच्या काळातली डंपलिंग सापडली आहेत. कोरड्या हवेत वाळून कडक झालेली, पण आकार हाच, अर्धचंद्राचा. हे मला पूर्वीच माहीत होतं. पण आज त्या ताटाकडे बघताना पहिल्यांदा वाटलं, हजाराहून जास्त वर्षांपूर्वी तीही कुणीतरी अशीच दोन हातांनी दाबून मिटली असणार.

शुक्रवार

ऑफिसातल्या मैत्रिणीला घेऊन गेले होते. जायला नको होतं असं म्हणणार नाही, पण संध्याकाळ रंगली नाही. डंपलिंग यायला पंचवीस मिनिटं लागली आणि ती फोन काढून या जागेबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायला लागली. ‘फार वेळ लावतात.’ ‘सजावट काहीच नाही.’ ‘मागवलं एक, आणलं भलतंच.’ मी तिला सांगितलं की ऑर्डर दिल्यावर भरतात म्हणून वेळ लागतो. आधीच भरून ठेवली तर सारणाचं पाणी पारीत उतरतं, खालची बाजू चिकट होते, उचलताना फाटते. तिला पटलं असावं, पण तोवर भूक मरून गेली होती.

तव्यावरची आली तेव्हा मात्र गप्प झाली. त्यांना ग्वोथ्ये म्हणतात, अर्थ अगदी सरळ, तव्याला चिकटलेलं. थोड्या तेलात मांडायची, वरून पिठाचं पातळ पाणी ओतायचं, झाकण घालायचं. पाणी आटेपर्यंत वरची बाजू वाफेवर शिजते, आणि पाणी संपलं की खाली उरलेलं पीठ तेलात तळून जाळीदार पापुद्रा होतो. सगळी एकाच जाळीत अडकलेली, उलटी करून ताटात. तिने जाळीचा तुकडा मोडला, तो काचेसारखा टकटकला. ‘हे चांगलंय,’ म्हणाली. नुसतं चांगलं? मला अजून राग येतोय.

रविवार दुपार

आज नूडल्सबद्दल लिहायचं. ते काम काकांचं, आयींच्या यजमानांचं. पोरगा त्यांना ‘शूशू’ म्हणतो, आणि तेही नातं आपल्यासारखंच नेमकं, वडिलांचा धाकटा भाऊ. दोघंही मूळचे शान्शी प्रांतातले. उत्तर चीनचा हा कोरडा, पिवळ्या मातीचा मुलूख. छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदी यांच्या रेषेखाली भात, वर गहू, ही तिथल्या खाण्याची ढोबळ विभागणी, आणि शान्शी त्या रेषेच्या बऱ्याच वर. त्यामुळे तिथली माणसं पिठात वाढलेली. पिठाच्या इतक्याच तिथल्या व्हिनेगरच्या गोष्टी. टेबलावरची ती काळी बाटली शान्शीच्याच व्हिनेगरची, ज्वारी आंबवून केलेलं आणि वर्षानुवर्षं मुरवलेलं. आंबटपणाआधी त्यात धुरकट गोडसर चव लागते. डंपलिंगबरोबर फक्त हे व्हिनेगर आणि कच्च्या लसणाची पाकळी. सोयासॉस मागितला तर देतात, पण आयींचा चेहरा जरा उतरतो.

काकांच्या नूडल्स हाताने ओढलेल्या नाहीत. दाओ श्याओ म्येन, सुरीने छिललेल्या. कणीक इतकी घट्ट असते की मळताना काका दोन्ही हातांवर अंगाचा सगळा भार टाकतात. मोठी वीट होईल एवढा गोळा फळीवर घेऊन डाव्या हाताच्या आधाराने खांद्याशी धरतात. उजव्या हातात पातळ, किंचित वाकलेलं पातं. सर्र, सर्र, सर्र. एकेक पट्टी सुटते आणि हातभर अंतरावरच्या पातेल्यात उडी मारते. एक पाण्यात पडते तेव्हा दुसरी हवेत असते आणि तिसरी पात्यावर. पाणी कधी बाहेर उडत नाही. पातं ज्या रेघेवरून गेलं त्याच्याच कडेवरून पुढच्या वेळी जातं, त्यामुळे पट्टीला एक कणा राहतो.

याची एक दंतकथा आहे. मंगोल राज्य होतं तेव्हा बंड होऊ नये म्हणून लोखंड जप्त केलं गेलं आणि दहा घरांत मिळून एकच सुरी उरली. कुणा म्हाताऱ्याला सुरीची पाळी मिळाली नाही, तेव्हा त्याने रस्त्यात सापडलेल्या पत्र्याने कणीक छिलली. खरं खोटं कोण जाणे, पण काकांच्या हातातलं पातं खरंच पत्र्याच्या तुकड्यासारखंच दिसतं.

आज मी एक पट्टी काड्यांनी उचलून उजेडात धरली. विलोच्या पानासारखी, दोन्ही टोकांना निमुळती. मध्ये जाड, कडेला पातळ! आयींच्या पारीसारखीच. मी काड्या खाली ठेवल्या आणि काचेपलीकडे बघत बसले. त्या पाठमोऱ्या लाटतायत, हे पाठमोरे छिलतायत, दोघांच्या पाठीमध्ये चार पावलांचं अंतर, आणि दोघांचे हात तेच करतायत. पातळ कड रस्सा धरून ठेवते, मधला कणा दाताशी झुंजतो. एका घासात दोन घास.

पिवळ्या नदीच्या वरच्या अंगाला, छिंघाय प्रांतात लाज्या नावाची जागा आहे. तिथे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा मातीचा पालथा वाडगा सापडला आणि त्याखाली नूडल्स होत्या. अर्ध्या मीटरपर्यंत लांब, पिवळसर. राळ्यासारख्या भरड धान्याच्या असाव्यात, असं २००५ साली हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा संशोधकांनी म्हटलं होतं. भूकंप आणि पुराने ती वस्ती गाडली गेली. जेवता जेवता कुणाच्या तरी हातून तो वाडगा निसटला असेल. नूडल्स खाताना मला ही गोष्ट पुष्कळदा आठवते, आणि का कोण जाणे, वाडग्याला हात लावूनच ठेवावासा वाटतो.

शेवटी आयींनी नेहमीसारखं डंपलिंग उकडलेलं पाणी कपात आणून दिलं. पांढुरकं, गरम, बेचव म्हणावं असं. ज्या पाण्यात शिजलं तेच पाणी ते पचवतं, अशी तिकडे म्हण आहे. पूर्वी मी शिष्टाचार म्हणून प्यायचे. आता ते प्यायल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

मंगळवार

बॅगा काढल्या. घरीच जेवावं म्हणून तिथून नूडल्स बांधून आणल्या. चूक झाली. वीस मिनिटांत सगळा रस्सा पिऊन त्यांचा गोळा झाला. या गोळा होण्याला उत्तर चीनमध्ये स्वतंत्र शब्दच आहे. पोरगा डबा भरताना दोनदा म्हणाला होता, इथेच खा.

गुरुवार, रात्री उशिरा

उद्या पहाटे निघायचं. शेवटचं म्हणून गेले आणि काकांच्या नूडल्स मागितल्या. सहा महिने मिळणार नाहीत, म्हणून मोठा वाडगा. पोराने आत जाऊन सांगितलं की मी उद्या जातेय. आयी बाहेर आल्या, मान हलवली, काहीतरी बोलल्या आणि आत गेल्या. आल्या त्या डंपलिंगचं ताट घेऊन. अंडं आणि पात.

मी पोराकडे पाहिलं. मला नूडल्स हव्या होत्या, म्हटलं. तो हसला. म्हणाला, आयी देणार नाहीत. निघताना ज्याओझ, आल्यावर नूडल्स, असं आमच्याकडे उत्तरेत असतं. ज्याओझ मिटलेलं असतं, सगळं आत सांभाळून नेणारं, म्हणून जाणाऱ्याला. नूडल्स लांब असतात दोरीसारख्या, त्या आलेल्या माणसाच्या पायाला गुंडाळायच्या, म्हणजे तो थांबतो.

मी काड्या हातात धरून तशीच बसले. दोन बॅगा, निळा पडलेला फोटो, फोटोवरचं माझं बोट, त्यांचं मान हलवणं. सगळं एकदम समोर आलं. ‘मागवलं एक, आणलं भलतंच’ असं लिहिणारा तो जो कोणी, त्याच्याही हातात त्या दिवशी बॅग असेल का?

पोराला म्हटलं, विचार ना त्यांना, चार वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवते का. त्याने विचारलं. आयींना आठवत नव्हतं. थोडा वेळ विचार करून त्या एवढंच म्हणाल्या, बॅगा असतील तर दिल्या असतील.

अठरा होती ताटात. सगळी संपवली. मग कपातलं पाणी. काकांनी आतूनच हात वर केला, पातं हातात तसंच. आयी दारापर्यंत आल्या आणि बशीतल्या दोन लसणाच्या पाकळ्या माझ्या हातात ठेवल्या, प्रवासासाठी. दार उघडलं तेव्हा वाफ बाहेर आली आणि पाटीवरची तीन अक्षरं धुरकटली.

बॅग अजून उघडीच आहे. पाकळ्या वरच्या कप्प्यात ठेवल्यात, रुमालात बांधून. सगळ्या कपड्यांना वास लागणार. लागू दे.